हृदयरोगाच्या जुन्या दप्तरात शिरण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या इतिहासावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय झकास आहे, पण पहिल्याच पानावर कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि बैठं काम आलं, तिथे मी थबकलो. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली काही डॉक्टर आणि समाजकार्यकर्त्यांनी हृदयरोगाच्या प्रतिबंधासाठी आणि रुग्णांच्या मदतीसाठी संघटना काढली, तेव्हा त्यांच्यापुढचा रुग्ण म्हणजे पोट सुटलेला पन्नाशीचा साहेब नव्हे. बरेचदा ते शाळकरी पोर असायचं. आधी घसा धरायचा, मग सांधे सुजायचे, ताप यायचा आणि जाताना हृदयाच्या झडपा खराब करून जायचा. पेनिसिलिन अजून दूर होतं. आपल्याकडे हा आजार, म्हणजे संधिवाताचा ताप (र्‍हुमॅटिक फीवर), आजही संपलेला नाही, म्हणून तुला तो ओळखता यायला हवा.

हृदयाचा रोगी म्हणजे अंथरुणाला खिळलेला, नाहीतर आज-उद्या जाणारा, अशी तेव्हाची समजूत. या मंडळींचा प्रश्न वेगळा होता: याला काम झेपेल का, आणि कोणतं? त्यांच्याच संघटनेतून पुढे आलेल्या न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने (एनवायएचए) १९२८ मध्ये केलेली रुग्णांची वर्गवारी याच प्रश्नाभोवती फिरते. नेहमीच्या हालचालीने धाप लागते, थोड्याशा हालचालीने लागते, की नुसतं बसल्या जागीही लागते? पुढे तिच्यात बदल झाले, पण आपल्याकडच्या हृदयरोग विभागातल्या केसपेपरवर डॉक्टर आजही ‘एनवायएचए तीन’ (म्हणजे या वर्गवारीतला तिसरा वर्ग) असं खरडतात, ते तिथूनच आलं. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा इथे आहे. पदाधिकाऱ्यांच्या भाषणांत वेळ घालवू नकोस, ती सगळीकडे सारखीच असतात.

१९२४ मध्ये सहा डॉक्टरांनी अमेरिकन हार्ट असोसिएशन स्थापली. ती पुढची दोन तपं मुख्यतः डॉक्टरांचीच संस्था राहिली. १९४८ मध्ये रेडिओवरच्या एका स्पर्धेतून साडेसतरा लाख डॉलर जमले आणि संस्थेचा नूरच पालटला. आता ती लोकांकडे पैसे मागणारी, लोकांना सल्ला देणारी झाली. त्या सहांपैकी पॉल व्हाइट यांनी १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हृदयविकाराच्या झटक्याची माहिती पत्रकारांना दिली, तीही राष्ट्राध्यक्षांना शौचाला झाल्याच्या बातमीसकट! तुझा कोलेस्टेरॉलवाला रुग्ण या काळातला.

दप्तरखान्यात या संस्थांच्या वार्षिक अहवालाआधी इतिवृत्तं आणि जमाखर्च वाच. अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेला असतो. पैसा खरा कुठे गेला ते हिशेबात दिसतं. प्रत्येक टिपणावर पेटीचा आणि फोल्डरचा क्रमांक तिथल्या तिथे टाक, आणि फोल्डरमधले कागद आहेत त्याच क्रमाने परत ठेव. रुग्णाचं नाव दिसलं तर वहीतही उतरवू नकोस, वय आणि काम पुरे.

सुधारलेला आराखडा पाठव, पण या खेपेला १९४८ च्या पुढे जाऊ नकोस.

तुझा,
सर