उष्णता 'अडकते' म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचे प्रश्न दोन. हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड एवढी उष्णता अडवतो कशी? आणि आपल्या वाट्याचे किरण तो आधीच शोषून बसला असेल, तर आणखी वाढल्याने काय बिघडतं? दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. १९०० साली क्नुट आंगस्ट्रॉम या भौतिकशास्त्रज्ञाने हाच आक्षेप घेतला होता.

आधी पहिला. तापलेली जमीन आणि समुद्र अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडतात, मुख्यतः १० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचे. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात. ते कितीही थरथरले तरी विद्युतभाराचा समतोल ढळत नाही, म्हणून हे किरण त्यांच्यातून जवळजवळ तसेच पार होतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकला की मात्र हा समतोल ढळतो, आणि १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण तो शोषतो. थोडक्यात, ते ९९ टक्के या हिशेबात धरायचेच नाहीत. बाष्प याहून जास्त शोषतं, पण हवेत ते किती टिकेल हे तापमानच ठरवतं.

आता दुसरा, खरा गाभा. शोषलेली ऊर्जा रेणू धरून ठेवत नाही. शेजारच्या रेणूंना धडकून ती वाटून टाकतो. त्याने तो थर तापतो, आणि आपल्या तापमानानुसार वर-खाली दोन्हीकडे अवरक्त किरण सोडतो. असं थराथरातून वर सरकत, जिथे डोक्यावरची हवा पुरेशी विरळ होते तिथून ही ऊर्जा अवकाशात निसटते. अवकाशातून पाहिलं तर पृथ्वी सरासरी उणे १८ अंश सेल्सिअसच्या वस्तूइतकी ऊर्जा सोडते, जमिनीलगत मात्र सरासरी १५ अंश असतात. फरक ३३ अंशांचा. हवा दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होत जाते. भागाकार करून पाहा, निसटण्याची सरासरी उंची पाच किलोमीटरच्या आसपास येते. इतक्या साध्या गणितातून हे हाती लागतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कार्बन डायऑक्साइड वाढला की ही उंची वर सरकते. वरची हवा जास्त थंड, म्हणून ती कमी ऊर्जा सोडते. सूर्याकडून येणारी मात्र तेवढीच राहते. हा हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत जातं. जमिनीजवळ सगळे किरण शोषले गेले, हे आंगस्ट्रॉमचं म्हणणं १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्याच्या मध्यभागी बरोबरच आहे. पण निकाल लागतो तो वर, विरळ हवेत.

याची खूणही दिसते. मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ साली गणिताने दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि त्याच वेळी स्थितांबर, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरचा हवेचा थर, थंड होईल. पुढे मोजमापांत तेच आढळलं. त्या थंडाव्यात ओझोन घटल्याचाही वाटा आहे. सूर्य प्रखर झाल्याने हे घडलं असतं, तर स्थितांबरही तापलं असतं.