‘कॉफी इन्क्लुडेड?’ असं विचारलं तर नाश्ता समजा

प्रश्न : ताई, कासच्या वाटेवर आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. सप्टेंबरात, फुलांच्या दिवसांत, ब्राझीलचे पाहुणे यायचे आहेत. त्यांची भाषा पोर्तुगीज, इंग्रजी अजून शिकतायत. मेसेज आलाय : ‘वुई प्रिटेंड टू स्टे थ्री नाइट्स विथ अवर पॅरेंट्स. इज कॉफी इन्क्लुडेड? कॅन वुई हॅव लंच अ‍ॅट फाइव्ह?’ प्रिटेंड म्हणजे नाटक करणं ना? बुकिंग खोटं तर नसेल? आणि म्हातारे आईवडील आमच्या पायऱ्या कशा चढणार?
— एक होमस्टेवाला, जि. सातारा

उत्तर : दादा, बुकिंग खरं आहे, निर्धास्त खोल्या राखून ठेवा. पोर्तुगीजमध्ये ‘प्रेतेंदेर’ म्हणजे बेत असणं. त्यांचा तीन रात्री राहायचा बेत आहे, एवढंच. ‘पारेंतिस’ म्हणजे नातेवाईक, तेव्हा सोबत आईवडीलच असतील असं नाही, भाऊ-भावजयही असतील. माणसं किती आणि वयं काय, हे आजच विचारून घ्या. पायऱ्यांचा फोटोही पाठवा.

कॉफीचं नीट लक्षात घ्या. ब्राझीलमध्ये नाश्त्याला ‘सकाळची कॉफी’ असंच म्हणतात. म्हणजे ते विचारतायत, भाड्यात नाश्ता धरलाय का? तुम्ही नुसतं ‘येस’ कळवून सकाळी एक कप कॉफी पुढे केलीत, तर मंडळी उपाशी बसतील आणि भिडेपोटी बोलणारही नाहीत. पाच वाजताचं ‘लंच’ म्हणजे त्यांचं ‘लांशी’, मधल्या वेळचं खाणं. चहाबरोबर कांदाभजी द्या, काम झालं.

मी महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत बरीच वर्षं रिसेप्शन सांभाळलं, आता साताऱ्यात मुलींना फ्रंट ऑफिसचं काम शिकवते. त्यांना मी पहिल्या दिवसापासून बजावते, की कळलं नसताना ‘येस सर’ म्हणायचं नाही. समोरच्याचं इंग्रजी कच्चं, आपलंही बेताचं, दोघंही हसून मान डोलावतात आणि भांडण उभं राहतं ते बिलाच्या वेळी. ‘यू मीन ब्रेकफास्ट?’ असं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

त्यांचे उच्चारही आधीच कानावरून गेलेले बरे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ ब्राझीलमध्ये ‘ह’सारखा होतो, म्हणून ‘रूम’चं ‘हूम’ ऐकू येईल. ‘टि’चा ‘चि’ होतो, कुणी ‘चिकेट’ मागितलं तर ते कासच्या प्रवेशाचं तिकीट विचारतायत. व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाला मागे एक ‘इ’ चिकटतो. हसू नका, आपलं ‘इस्कूल’ त्यांनीही ऐकलेलं नाही. दारावर ‘पुश’ लिहिलं असेल तर बाण काढा, कारण त्यांच्याकडे जवळजवळ याच उच्चाराची पाटी ‘ओढा’ सांगते.

खरी गाठ मात्र बाथरूममध्ये पडते. ब्राझीलच्या घरोघरी शॉवरच्या तोंडातच विजेवर पाणी तापतं, नळ सोडला की गरम. आपला गीझर आधी लावून ठेवावा लागतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. सप्टेंबरातलं कासचं धुकं, अंगावर गार पाणी, आणि पाहुणा समजतो शॉवर बिघडलाय. खोली दाखवतानाच त्यांना गीझरपाशी न्या, बटण दाबून लाल दिवा दाखवा आणि सावकाश म्हणा, ‘स्विच ऑन. वेट फिफ्टीन मिनिट्स. देन हॉट वॉटर.’ एवढ्या तीन तुकड्यांत सगळं आलं. लांबलचक वाक्यं करू नका, व्याकरण त्यांनाही नकोय. जेट स्प्रे मात्र समजावायला नको, तो त्यांच्याकडेही असतो.

विजेचंही सांगा. ब्राझीलमध्ये काही भागांत 127 व्होल्ट, काही भागांत 220, आणि आपल्याकडे 230. फक्त 127 वर चालणारा हेअर ड्रायर आपल्या सॉकेटला लावला तर जळेलच. ‘प्लीज शो मी द लेबल’ म्हणून आधी लेबल बघा. त्यांच्या पिना वेगळ्या असतात, एखादा युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर घरात असू द्या.

जेवणाची चिंता करू नका. रोजचा भात आणि घेवड्याचं कालवण हे त्यांच्या घरचंच जेवण. त्यांचा रोजचा ‘कारिओका’ घेवडा फिकट रंगाचा, वर तपकिरी पट्टे, अगदी आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचा भाऊ शोभेल. शिजवण्याआधी ओंजळभर दाणे त्यांना दाखवा, मग तिखट कमी घालून आमटी करा. चव घेऊन कुणी ‘एक्स्क्विझिट’ म्हणालं, तर चेहऱ्याकडे बघा. पोर्तुगीजमध्ये ‘इस्किझितु’ म्हणजे विचित्र. शिकाऊ माणूस तिथे हमखास घसरतो. ‘मोर सॉल्ट? लेस चिली?’ असं विचारून टाका.

आणि परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरायचा, तीन खोल्यांच्या होमस्टेलाही यातून सूट नाही. तुमच्याकडे रेंज जाते-येते, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आधीच मागवा.

प्रश्न : ताई, मी सांगलीत लॉजच्या काउंटरवर असतो. एका ब्राझीलच्या गृहस्थांना खोलीचं भाडं 3,500 लिहून पाठवलं, तर त्यांनी ‘साडेतीन रुपये?’ असं विचारलं. चेष्टा करत असतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो. पोर्तुगीज लिहिताना स्वल्पविराम दशांशाच्या जागी येतो आणि हजाराला टिंब. तुमचे 3,500 त्यांनी तीन पूर्णांक पाच असे वाचले. मधलं चिन्ह गाळून 3500 लिहा, शेजारी अक्षरी रक्कम घाला आणि ‘पर नाइट, पर रूम’ जोडा. चेक-आउटला नुसता वार कळवू नका. त्यांच्याकडे सोमवारचं नावच ‘दुसरा’ या अर्थाचं आहे, त्यामुळे नवशिका ‘सेकंड’ म्हणून जातो आणि आपण दोन तारीख धरून बसतो. तारीख लिहा, महिना अक्षरी.