स्पिट्सबर्गन की स्वालबार्ड?

विचारणा अशी आहे: भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र कुठे 'स्पिट्सबर्गनवर', तर कुठे 'स्वालबार्डमध्ये' असल्याचं वाचायला मिळतं. बरोबर काय?

दोन्ही बरोबर आहे. उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा, नॉर्वेच्या अखत्यारीतला अख्खा द्वीपसमूह म्हणजे स्वालबार्ड, आणि त्यातलं सर्वांत मोठं बेट स्पिट्सबर्गन. म्हणूनच बेट'वर', पण द्वीपसमूहा'मध्ये'. जुन्या लिखाणात मात्र स्पिट्सबर्गन म्हटलं की सगळीच बेटं धरलेली असतात. घोळ तिथला.

या बेटांवर मूळ रहिवासी कधीच नव्हते, त्यामुळे नावं सगळी बाहेरून आलेल्यांनी ठेवलेली. 1596 साली विलेम बॅरेंट्सच्या डच खलाशांना समुद्रातून दिसले ते सुळक्यांसारखे डोंगर. डचमध्ये 'स्पिट्स' म्हणजे टोकदार आणि 'बर्गन' म्हणजे डोंगर, अनेकवचनी. जहाजावरून जे दिसलं तेच नाव झालं! रशियाचे पोमोर शिकारी याच भूमीला 'ग्रुमांत' म्हणत. सतराव्या शतकात डच देवमाशांच्या शिकारीसाठी येऊ लागले. किनाऱ्यावर भट्ट्या पेटवून, मोठमोठ्या तांब्याच्या कढयांत देवमाशाची चरबी कढवून ते तेल काढत. त्या वस्तीचं नाव स्मीरेनबर्ग. 'स्मीर' म्हणजे चरबी, तेव्हा आपल्याकडे ते चरबीगाव झालं असतं. मला हे नाव फार आवडतं. त्यात त्या धंद्याचा वास आहे.

स्वालबार्ड हा शब्द त्याहून जुना. 1194 सालच्या आइसलँडी नोंदीत 'स्वालबार्ड सापडलं' एवढंच येतं. 'स्वाल' थंड, 'बार्ड' कड किंवा किनारा. ती भूमी हीच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण 1920 च्या पॅरिस करारानं नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं आणि 1925 मध्ये ते प्रत्यक्षात आलं, तेव्हा नॉर्वेनं हे जुनं नॉर्स नाव मुद्दाम वर काढलं. डच नावाखाली नॉर्वेचा हक्क सांगण्यापेक्षा हे केव्हाही सोयीचं. करारात मात्र 'स्पिट्सबर्गन' हेच नाव आहे. त्या करारात ब्रिटिशांच्या अमलाखालचा भारतही सामील होता.

नॉर्वेजियन बोलण्यात शेवटचा 'ड' ऐकू येत नाही. तरी मराठीत 'स्वालबार्ड' रुळलंय, तेच लिहावं.

आणि हिमाद्री? 2008 मध्ये हे केंद्र सुरू झालं न्यू-ऑलेसुंद या गावात, जे पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव होतं. हिम अधिक अद्रि, म्हणजे बर्फाचा डोंगर. सह्याद्रीतला 'अद्रि' तोच. टोकदार डोंगरांच्या बेटावर आपणही डोंगराचंच नाव नेलं.