झोपाळ्याच्या फळीवर पीयू लावलं की रात्रीतून किडे चिकटतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात घराच्या गच्चीत झोपाळ्याची सागवानी फळी पॉलिश करताय, ऑफिसातून आल्यावर दिव्याखाली पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचा, हात मारता, आणि सकाळी पाहावं तर फळीवर चिलटं, डास आणि वाळवीचे पंख. मी दांडिया बाजारात राहतो, सुतारकाम घरच्या घरी करतो, आणि पावसाळ्यात इथे हा त्रास कसा होतो ते जाणून आहे.

आधी वेळ बदला. निम्मं काम तिथेच होतं. ब्रशनं लावायचं एका डब्यातलं पीयू हाताला चिकटायचं थांबेपर्यंत काही तास जातात. डब्यावर लिहिलेली वेळ कोरड्या हवेतली असते. आपल्याकडे जून-जुलैत ती सहज लांबते. तुम्ही सातला हात मारता, म्हणजे दिवेलागणीला, किडे सर्वांत जास्त उडतात तेव्हाच फळी सर्वांत ओली. रविवारी सकाळी नऊ-दहाला, दव आणि ओल उडाल्यावर लावा. तिन्हीसांजेपर्यंत वरचा थर धरलेला असतो. मग एखादं चिलट बसलंच तरी उडून जातं. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी तर डबा उघडूच नका, कारण पंखवाली वाळवी तेव्हाच बाहेर पडते.

रात्रीशिवाय वेळच नसेल, तर दिव्याचा विचार करा. किडे दिव्याकडे ओढले जातात असं आपण म्हणतो, पण २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं: उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. उघड्यावर उजेड आकाशातून येतो, म्हणून ही सवय त्यांना सरळ उडायला मदत करते. बल्बजवळ मात्र त्यांचा तोल जातो, ते दिव्याभोवती घिरट्या घालत राहतात आणि उलटे होऊन खाली कोसळतात. फळी नेमकी बल्बखाली ठेवलीत तर ते तिच्यावरच पडणार. म्हणून हात मारून झाला की फळीवरचा दिवा बंद करा आणि पांढरा, झगझगीत दिवा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लावा, खाली परातीत पाणी ठेवून. पंखवाल्या वाळवीसाठी घरोघरी करतात तोच हा उपाय. काम करताना पिवळा एलईडी वापरा, त्यावर किडे कमी येतात.

मच्छरदाणी लावायची तर नायलॉनची, आधी धुऊन वाळवलेली. सुती जाळीचे तंतू पडतात, आणि ते किड्यांपेक्षा काढायला कठीण. चार कोपऱ्यांना काठ्या बांधून ती ताणून घ्या, मध्ये झोळ पडला की जाळीच फळीला चिकटते. अगदी बारीक चिलटं तिच्यातूनही येतात. म्हणून हात पातळ मारा आणि फळी भिंतीला उभी टेकवा. पातळ हात ओघळत नाही, लवकर धरतो, आणि उभ्या फळीवर आडवीपेक्षा किडे नि धूळ दोन्ही कमी बसतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: थिनरचा वास भरलेला असताना तिथे डास मारायची इलेक्ट्रिक रॅकेट फिरवू नका. तिच्यातून ठिणगी उडते आणि थिनरची वाफ पेट घेते. कछुआ छाप अगरबत्ती नको, डासांचा स्प्रेही नको. स्प्रेचे थेंब ओल्या थरावर पडले की तिथे पॉलिश फाटून खळगे पडतात.

तरीही किडा अडकलाच, तर तो कधी दिसला त्यावर सगळं आहे. थर पाण्यासारखा ओला असेल तर सुईच्या टोकानं त्याला वरच्या वर उचला आणि ब्रशचं टोक एकदाच हलकं फिरवा. साय धरायला लागली असेल तर अजिबात हात लावू नका. ओढलात की पॉलिशची तार निघते, पाय तिथेच राहतो आणि भोवती खड्डा पडतो. रात्रभर जाऊ द्या. पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. पाय, पंख भुकटी होऊन निघून जातात. मग पुसून पुढचा हात. शेवटच्या हातावर किडा बसला असेल तर तेवढाच भाग घासून भागत नाही, डाग दिसतो. अख्खी फळी हलकी घासून एक पातळ हात पुन्हा द्यावा लागतो.

कोणी म्हणेल फ्रेंच पॉलिश करा, ते मिनिटांत सुकतं. खरं आहे, आणि ज्या लाखेचं ते बनतं ती मुळात एका किड्याचीच देणगी, पळस-बोरीच्या फांद्यांवर जमणारी. देवघराच्या चौकटीला मी तेच लावतो. पण झोपाळ्यावर गरम चहाचा कप टेकणारच, आणि लाखेवर त्याचं पांढरं कडं उठतं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकरही झटपट सुकतं, पण दमट दिवशी पांढरं पडतं. बसायच्या फळीला पीयूच ठेवा.

आणि शेवटचा हात सुकला म्हणून लगेच कड्या अडकवू नका. वर कोरडं लागलं तरी आत आठवडाभर तरी मऊ असतं, आणि गादी टाकून बसलात तर कापडाची वीण फळीवर उमटते.