सिस्टरनी लग्नाचं विचारलं तर?

"दवाखान्यात जा असं तेवढं सांगू नका, बाकी काहीही सांगा," असं म्हणतच तिने आमच्या समुपदेशनाच्या फोनवर बोलायला सुरुवात केली. वय 22. घर तालुक्याच्या गावी, स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. पाळी चुकली होती. घरी केलेल्या लघवीच्या टेस्टवर दोन रेषा उमटल्या होत्या. मैत्रिणीच्या ओळखीने मेडिकलमधून गर्भपाताच्या पाच गोळ्यांचं पाकीट आणलं होतं आणि त्याच रात्री त्या घ्यायचा विचार होता. (ओळख पटेल असे सगळे तपशील इथे बदलले आहेत.)

गोळ्यांपेक्षा तिला सिस्टरची धास्ती जास्त होती. "लग्न झालंय का असं विचारतील. नाही म्हटलं की सगळ्यांसमोर बोलतील. त्यातून गावाकडची कोणी ओळखीची निघाली तर संध्याकाळपर्यंत घरी कळलेलं असेल."

समुपदेशनात ही काळजी सतत ऐकू येते. अंगावरून पांढरं जातंय पण तपासणी नको म्हणणारी विवाहिता, लघवीच्या जागी फोड आलेला आणि गुगलवर उपाय शोधणारा तरुण, पाळी थांबायच्या वयात दिवस गेल्याची शंका असलेली विधवा, सगळ्यांच्या मनात तीच. आणि ती निराधार आहे असं म्हणता येत नाही. काही ठिकाणी टोमणे मारले जातात, आवाज चढतो, केसपेपर चार जणींच्या हातून फिरतो. तरीही त्या मुलीला दवाखान्यातच जायला सांगितलं, कारण त्या रात्री खोलीवर गोळ्या घेण्यात जो धोका होता तो टोमण्यापेक्षा खूप मोठा होता.

तिच्या हिशेबाने तिला पाच आठवडे झाले होते. संबंध आला त्या दिवसापासून ती मोजत होती. गर्भाचे दिवस मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तारीख विचारून मोजले तर 47 दिवस निघाले, म्हणजे 6 आठवडे 5 दिवस. गोळ्यांनी गर्भपात 9 आठवड्यांपर्यंतच करतात, त्यामुळे अशी दोन आठवड्यांची चूक एखादीला महागात पडू शकते. दुसरं, गर्भ पिशवीतच आहे का, हे टेस्टच्या रेषांवरून कळत नाही. तो नळीत असेल तर या गोळ्या काम करत नाहीत. रक्त जातं, बाईला वाटतं झालं सगळं, आणि नळी फुटण्याचा धोका तसाच राहतो. तिसरं हिमोग्लोबिन. ते फार कमी असेल, रक्त पातळ करणारी औषधं किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील, आत कॉपर टी असेल, तर डॉक्टरांना आधी वेगळा विचार करावा लागतो. मेडिकलच्या काउंटरवर यातलं काहीही तपासलं जात नाही.

बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. संबंधांनंतर तिने आय-पिल ही तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली होती, पण चौथ्या दिवशी. खोलीजवळचा मेडिकलवाला ओळखतो म्हणून रविवारपर्यंत थांबून ती दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली होती. लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची ही गोळी 72 तासांच्या आत घ्यायची असते, आणि त्यातही जितकी लवकर तितकी चांगली. ती बीजांड सुटणं लांबवते. बीजांड आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही. या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि आशाताईंकडेही ती मिळते. लाजेपायी गेलेल्या त्या तीन दिवसांसाठी तिला कोणी दोष देऊ नये. ओळखीच्या दुकानदारासमोर उभं राहणं अवघड वाटावं असंच वातावरण आपण करून ठेवलं आहे.

मग कायद्याचं बोलणं झालं, कारण तिच्या निम्म्या भीतीचं उत्तर तिथेच होतं. 1971 च्या गर्भपात कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणात पूर्वी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, तिथे आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे आहेत. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत, नियमांत दिलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि त्यातून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. 18 वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीच्या बाबतीत संमती फक्त तिची. आईवडिलांची सही लागत नाही, नवऱ्याचीही नाही. संमतीच्या फॉर्म 'सी'वर लग्नाबद्दल अमुक यांची मुलगी किंवा पत्नी एवढाच उल्लेख असतो.

गुप्ततेचे नियम तर तिला खरेच वाटेनात. गर्भपाताचं प्रवेश रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज आहे. त्यात प्रत्येक स्त्रीला एक अनुक्रमांक मिळतो, आणि गर्भपाताच्या बाकीच्या कागदांवर, अगदी ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमध्येसुद्धा, नावाऐवजी तो क्रमांकच लिहायचा असतो. संमतीपत्र बंद लिफाफ्यात ठेवतात. कायद्याने परवानगी दिलेल्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कोणाला डॉक्टरांनी तिचं नाव सांगितलं तर 2021 च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरी फोन करणारी सिस्टरही आगाऊपणाच्या खूप पुढे जाऊन तिची गुप्तता मोडत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैत्रिणीला घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. केसपेपरच्या खिडकीवर काय होतं ते आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं: तिथे 'स्त्रीरोग ओपीडी' एवढंच म्हणायचं, कारण सांगायची गरज नाही. पण ती गोंधळली आणि 'पोटात दुखतंय' म्हणाली, तेच कागदावर आलं.

पुढचं तिने नंतर सांगितलं ते जवळून बघण्यासारखं आहे. ओपीडीतल्या टेबलापाशी आणखी तीन बायका उभ्या होत्या. सिस्टरनी कागद बघितला आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती, तारीख आठवते?" ही गप्प. सिस्टरनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, आवाजही वाढवला नाही. "ताई, जरा आत या, बीपी बघू," म्हणून तिला पडद्याआड नेलं. टेबलापाशी कोणाला वेगळं काही वाटलं नाही. पट्टा दंडाला बांधत हळू आवाजात म्हणाल्या, "इथे येणाऱ्या प्रत्येकीला मी हे विचारते, कारण औषध त्यावर ठरतं. दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?" तिने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "बरं केलंत घेऊन आलात. यातली अजून एकही घेतली नाही ना?"

त्यानंतर वय विचारलं, कसली औषधं चालू आहेत ते विचारलं, आणि मैत्रीण बाहेर असतानाच, "हे तुमच्याच मनाने ठरवलंय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?" लग्नाचा प्रश्न आलाच नाही, कारण उपचारात त्याच्यावर काहीच अडत नव्हतं.

नर्सिंगमध्ये असणाऱ्यांनी या दहा मिनिटांचा क्रम लक्षात घ्यावा असं आम्हाला फार वाटतं. आधी जागा बदलली, मग प्रश्न विचारला. प्रश्नाआधी तो का विचारतोय ते सांगितलं आणि 'प्रत्येकीला विचारते' असं म्हणून तिला एकटीला वेगळं पाडलं नाही. उत्तरावर पहिलं वाक्य दिलाशाचं होतं, आणि लगेच पुढचा वैद्यकीय प्रश्न. याला स्वभावाने खूप गोड असावं लागतं असं नाही. सवय लावून घेता येते. पडदा नसेल तर ड्रेसिंगची खोली चालते, वजनकाट्याचा कोपरा चालतो. गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो हे खरं आहे, पण अपमान झालेली बाई खरं सांगत नाही आणि मग सगळ्यांचाच वेळ जातो.

खरं न सांगण्याचे परिणाम वॉर्डातल्या सिस्टरना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहेत. पोटदुखी घेऊन आलेली मुलगी 'लग्न नाही झालं' म्हणाली की गर्भाची शक्यता कोणाच्या डोक्यातच येत नाही. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात, आणि नळीतला गर्भ असेल तर ती रात्री चक्कर येऊन, पांढरीफटक पडून परत येते. म्हणून पाळी येण्याच्या वयातल्या कोणत्याही बाईला पोटात दुखत असेल किंवा पाळी चुकली असेल तर तिला सांगून, विचारून लघवीची टेस्ट करायची. मंगळसूत्र बघून ठरवायचं नाही.

तिच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच दिसला. हिमोग्लोबिन 9.8 होतं. रक्तगट तपासला, कारण तो आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा विचार करावा लागतो. गर्भपाताचा निर्णय आणि औषध डॉक्टरांचं, ते आपल्या देशात सिस्टर देऊ शकत नाहीत. पण कळण्यासारखं सगळं समजावून सांगितलं ते सिस्टरनीच. पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची गोळी तिथेच, तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, पंधराव्या दिवशी तपासणी.

आणि त्यांनी एक प्रश्न विचारला जो आमच्याही यादीत आता कायमचा आहे: "खोलीवर बाथरूम स्वतंत्र आहे की सगळ्यांचं मिळून?" सहा मुलींमध्ये एक होतं. मिसोप्रोस्टॉलनंतर काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो, पहिले काही तास तो पाळीपेक्षा बराच जास्त असतो, गाठी पडतात. अशा वेळी दार वाजवणाऱ्या मुलींच्या रांगेत तिला लपवाछपवी करावी लागली असती. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या गोळ्या रुग्णालयातच देऊन चार तास तिथेच झोपवायचं ठरलं. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेनही लिहून दिली.

धोक्याच्या खुणा सिस्टरनी कागदावर मराठीत लिहून दिल्या. एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास झालं तर थांबायचं नाही, लगेच यायचं. मिसोप्रोस्टॉलनंतर एक दिवस उलटूनही 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वास, चक्कर, एका बाजूला किंवा खांद्यात दुखणं, किंवा गोळ्या घेऊन 24 तासांत रक्तच न जाणं, या सगळ्याला तोच नियम. थोडं थोडं रक्त दहा-बारा दिवस जाऊ शकतं, त्याने घाबरायचं नाही. घरची टेस्ट मधेच करून बघायची नाही, कारण गर्भपात पूर्ण झाला तरी ती चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते.

पुढच्या गर्भनिरोधक साधनाबद्दल सिस्टर म्हणाल्या, "आत्ता ठरवायचं की पंधराव्या दिवशी बोलू?" हे वाक्य साधं दिसतं, पण ते फार कमी जणींना ऐकायला मिळतं. बीजांड दहा दिवसांच्या आतही पुन्हा सुटू शकतं, म्हणून माहिती लवकर द्यायलाच हवी. माला-एनसारख्या गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या दिवसापासून घेता येतात. छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. कॉपर टी मात्र पिशवी रिकामी झाल्याची खात्री पटल्यावर. निवड बाईची. 'कॉपर टी बसवून घेणार असाल तरच गर्भपात करू' अशी अट घालता येत नाही. विवाहित बायकांना ही अट आणि 'नवऱ्याला सही करायला बोलवा' हा हुकूम अजूनही ऐकावा लागतो, आणि दोन मुलींनंतरच्या बाईला तर नजरेनेच बरंच काही ऐकवलं जातं.

गुप्तरोगाच्या बाबतीतही हेच. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगांप्रमाणे किट असतात. लघवीच्या मार्गातून किंवा गर्भाशयमुखातून पू जात असेल तर करड्या रंगाचं, त्यात ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच. पण जोडीदाराने घेतलं नाही तर आजार परत येतो. 'कुठून आणलंस हे?' असं विचारलेला माणूस जोडीदाराला कधीच घेऊन येत नाही. 'तुमचा ज्यांच्याशी संबंध आला त्यांनाही औषध द्यावं लागेल, त्यांना आणता येईल की चिठ्ठी देऊ?' असं विचारलं तर येण्याची आशा तरी राहते.

सगळीकडे अशा सिस्टर भेटतील असा शब्द आम्ही कोणाला देत नाही. कोणी वाकडं बोललंच तर वाद घालत बसू नका. "मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे," एवढं म्हणा. तेही झालं नाही तर इन्चार्ज सिस्टर, मग वैद्यकीय अधीक्षक. कुठे जायचं हेच कळत नसेल तर 104 या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर विचारता येतं. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहे.

18 च्या आतल्या मुलीचं मात्र वेगळं, आणि ते तिला आधीच सांगायला हवं. तिथे पालकाची लेखी संमती लागते आणि 2012 च्या पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिचं नाव किंवा ओळख देण्याची गरज नाही, असं 2022 च्या त्याच निकालात म्हटलं आहे. ही भीती वाटून मुलगी भोंदूकडे गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून 'नियम आहे' एवढंच सांगून तिला परत पाठवू नये.

जाताना शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या, घाईत आठवत नाही. चालू औषधांची नावं किंवा पाकिटं, वयाचा पुरावा, मोठ्या पॅडचं एक पाकीट आणि तुमच्या बाजूचं एक माणूस सोबत घ्या. उपाशी जायचं कारण नाही, थोडं खाऊन जा. आणि केसपेपर सकाळी लवकर काढा, म्हणजे सोनोग्राफी आणि रक्ततपासणी त्याच दिवशी होण्याची शक्यता वाढते.