१० इंची मायटर सॉ घरी घेतलाय: तो सुरक्षित कसा वापरायचा, आणि फ्रेमचा चौथा कोपरा उघडा का राहतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: नवा घेतलेला, न सरकणारा १० इंची कंपाउंड मायटर सॉ (तिरके काप घेणारी, ब्लेड झुकवताही येणारी विजेची करवत) हाताळायचा कसा, फोटोफ्रेमचे तीन कोपरे जुळून चौथ्याला फट का पडते, आणि उतरत्या बाजूंच्या लाकडी कुंडीसाठी कोन किती लावायचे. शिवाय ओळखीचे मिस्त्री म्हणाले की ब्लेड झाकणारं खालचं गार्ड काढून टाका, कापायची रेघ दिसत नाही. आधी त्याचंच उत्तर देतो. काढू नका.

वरचा भाग खाली आणला की ते गार्ड आपोआप मागे सरकतं आणि वर नेला की पुन्हा ब्लेड झाकतं. रेघ दिसत नाही, कारण बहुधा पारदर्शक प्लास्टिकवर भुसा चिकटलेला असतो. प्लग काढा, ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडचे बरेच कारागीर मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापत शिकले आहेत. त्यांच्या हाताची सफाई खरीच आहे, पण उघड्या ब्लेडची ती सवय या मशीनवर आणायचं काही कारण नाही. रेघेवर यायला सोपी रीत आहे: प्लग काढलेला असताना ब्लेड हाताने खाली आणा, रेघेला दाताची कड लागेपर्यंत लाकूड सरकवा, मग क्लॅम्प करा. ब्लेडची जाडी अडीच-तीन मिलिमीटर असते, तेव्हा काप रेघेच्या टाकाऊ बाजूला पडला पाहिजे.

माझ्या मते या मशीनवर बोट जाणं आणि काप वाकडा येणं, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: काप चालू असताना लाकूड हललं. ब्लेडचे दात समोरून खाली उतरतात आणि तळाशी मागच्या फेन्सकडे (लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीकडे) जातात, म्हणजे मशीन स्वतःच लाकूड टेबलावर आणि फेन्सवर दाबत असतं. मात्र लाकूड या दोन्हींना नीट टेकलेलं असेल तरच. मागे भुशाचा ढीग अडकला असेल, पट्टी वाकलेली असेल, किंवा तुकडा इतका लहान असेल की अर्धाच फेन्सला टेकतो, तर ब्लेड त्याला खेचून फिरवणार.

वाकलेली पट्टी असेल तर तिचा फुगीर भाग फेन्सकडे करा आणि काप जिथे पडणार तिथे मागे फट नाही ना ते बघा. उलटी ठेवलीत तर काप संपताना लाकूड दोन्ही बाजूंनी मिटतं आणि ब्लेड चिमटीत सापडतं. झटका बसतो तो तिथे. लांब पट्टीला दोन्हीकडे टेबलाच्याच उंचीचा आधार द्या. तुटणारं टोक दुसऱ्या माणसाला धरायला लावू नका. तो मदत म्हणून जरासं वर उचलतो आणि नेमका तोच चिमटा तयार होतो.

आपल्याकडे सुतारकाम जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून करायची जुनी पद्धत आहे. हातकरवतीला आणि रंध्याला ती उत्तम. या मशीनला अजिबात नको. मशीन कमरेच्या उंचीच्या टेबलावर बोल्टने घट्ट बसवा आणि उभं राहून काम करा. लाकूड धरणारा हात ब्लेडपासून किमान १५ सेंटीमीटर लांब हवा, अंगठा बोटांच्या ओळीत आत घेतलेला. त्यापेक्षा जवळ हात न्यावा लागत असेल तर तिथे हाताचं काम नाही, क्लॅम्पचं आहे. हातांची कात्री करून, म्हणजे उजवा हात ट्रिगरवर आणि डावा त्याला ओलांडून पलीकडे, असं कधी धरू नका. ब्लेडच्या सरळ रेषेत न उभं राहता जरा बाजूला उभं राहा.

प्रत्यक्ष काप असा: ट्रिगर दाबा, ब्लेड पूर्ण वेगात येऊ द्या, मगच लाकडाला लावा. घाई न करता खाली न्या. आवाज जड झाला की हात हलका करा, मोटर तुम्हाला सांगत असते. काप संपला की ब्लेड खालीच ठेवून ट्रिगर सोडा आणि ते पूर्ण थांबेपर्यंत वर उचलू नका. नवशिक्यांना हाच शेवटचा भाग नको असतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. फिरतं ब्लेड वर नेताना सुटा तुकडा मागच्या दातांना लागला तर तो गोळीसारखा सुटतो, चांगल्या कापाच्या कडेला खाचही पाडतो. स्वस्त मशीनना इलेक्ट्रिक ब्रेक नसतो, ब्लेड काही सेकंद फिरत राहतं. तेवढे सेकंद थांबायचं.

सारख्या लांबीचे तुकडे काढायला स्टॉप (लांबी ठरवणारा अडसर) लावाल, तर तो तुम्ही धरलेल्या बाजूला लावा. तुटून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावलात तर तो तुकडा स्टॉप आणि ब्लेड यांच्यामध्ये अडकून उडतो. चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे हवे असतील तर लांब पट्टीतूनच काढा. उरलेलं टोक धरायला पुरेनासं झालं की त्याचा मोह सोडा.

जुन्या वाड्याचं सागवान मिळालं असेल तर छान, पण कापण्याआधी प्रत्येक बाजूवरून चुंबक फिरवा. आत तुटलेले खिळे असतात आणि कार्बाइडचा दात खिळ्यावर आपटला की तो तुटून उडतो. खिळे नसले तरी सागवानात सिलिका असते, त्यामुळे ब्लेड पाइनपेक्षा लवकर बोथट होतं. काप करपल्यासारखा काळपट येऊ लागला की जोर वाढवू नका, ब्लेड साफ करा किंवा धार लावून आणा.

हातमोजे नकोत. डोळ्यांना गॉगल आणि कानाला प्लग हवेत. लांब बाह्या दुमडा, ओढणी, गळ्यातला दोरा, मनगटातला कडा-गंडा काढून ठेवा, केस बांधा. धूळ लोक हसण्यावारी नेतात, पण लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे, आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइड असलेलं रेझिनही असतं. एन-९५ मास्क लावा. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत काम करत असाल तर मशीनच्या मागच्या नळीला व्हॅक्यूम जोडा, शेजाऱ्यांशी संबंधही बरे राहतील.

विजेचं थोडक्यात. अशी मशीन बहुधा १६०० ते १८०० वॉटची असतात, म्हणजे २३० व्होल्टवर सात-आठ अँपिअर, आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त. १६ अँपिअरचा सॉकेट, खरं अर्थिंग, घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि एक्स्टेन्शन लागलीच तर २.५ चौरस मिमी वायरची, पूर्ण उलगडलेली. ब्लेड बदलताना आधी प्लग काढा. बोल्टला बहुतेक मशीनवर उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. नव्या ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा, आणि भोक मशीनच्या दांड्याला तंतोतंत. फ्रेमसाठी ६० किंवा ८० दात घ्या. २४ दातांचं ब्लेड जाड लाकडाला ठीक, पट्टीला ते चावे घेतं. ॲल्युमिनियमचं ब्लेड वेगळं येतं, दगडाची डिस्क तर इथे लावायचीच नाही.

आता चौथा कोपरा. फ्रेमला आठ काप असतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर एकूण चूक चार अंशांची होते. पहिले तीन कोपरे तुम्ही दाबून जुळवता आणि सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. तो कोपरा बिचारा निर्दोष असतो. फट कुठे आहे ते बघा. बाहेरच्या टोकाला फट असेल तर कोन ४५ पेक्षा कमी कापला गेलाय, आतल्या बाजूला असेल तर जास्त. आणि फट कधी इकडे कधी तिकडे येत असेल तर कोनाला दोष देऊ नका, समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी सारखी नसणार. लांबीत एक मिलिमीटरचा फरक असला तर अचूक ४५ देखील वाया जातो. म्हणून मोजून, खूण करून कापण्यापेक्षा स्टॉप लावून जोडी काढा.

मशीनवरच्या आकड्यांवर, निदान नवीन असताना, विश्वास ठेवू नका. आधी शून्य तपासा. रुंद, सरळ कडांची फळी घ्या, ९० अंशाला मधोमध कापा, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून टोकाला टोक लावा. जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे केसाएवढी चूकही लपत नाही. मग ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा, प्लग काढून. गुण्या ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवा, दाताला नको, कारण दात अंगापेक्षा जाड असतात. हे झाल्यावर ४५ वर टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून गुण्यात बसवा आणि कोन लागेल तसा थोडा थोडा हलवा. ४५ चा खटका (टेबल त्या कोनावर आपोआप अडकवणारी खाच) आड येत असेल तर तो सोडवून हाताने कोन घट्ट करा. तिरक्या कापात पट्टी फेन्सवरून सरकू बघते, तेही क्लॅम्पनेच थांबतं. फेन्सला खडबडीत पॉलिश पेपर चिकटवला तरी बराच फरक पडतो.

कुंडीचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण कंपाउंड कापाचं खरं काम तिथे आहे. तुमच्या मशीनच्या पट्टीवर ३१.६ आणि ३३.९ अशा विचित्र खुणा असतील. त्या अमेरिकेतल्या छताच्या लाकडी मोल्डिंगसाठी आहेत. आपल्याकडे ते काम पीओपीने होतं, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. कुंडीच्या चार बाजू उभ्या रेषेपासून १५ अंश बाहेर झुकलेल्या हव्या असतील तर टेबल १४.५ अंशांवर फिरवा आणि ब्लेड ४३.१ अंश झुकवा. झुकाव १० हवा असेल तर ९.९ आणि ४४.१.

फळी कुंडीची बाहेरची बाजू खाली करून, डावीकडे धरून कापा. एका बाजूलाच झुकणारी मशीन बहुतेक डावीकडे झुकतात, म्हणून टाकाऊ तुकडा उजवीकडे, मोकळ्या बाजूला पडला पाहिजे. झुकलेल्या ब्लेडखाली बारका तुकडा राहिला तर तो टेबल आणि ब्लेड यांच्यामध्ये चेपला जातो. दुसरं टोक कापताना फळी पालथी करायची नाही. ती सपाटच अर्धा फेरा फिरवा, झुकाव तोच ठेवा आणि टेबल तेवढ्याच अंशांनी दुसऱ्या बाजूला न्या. बाहेरची बाजू खाली असल्याने तिथे लाकडाच्या चिरफळ्या उडतात, म्हणून खाली एमडीएफचा पातळ तुकडा ठेवून त्यासकट कापा.

एवढ्या तिरक्या कापाला १० इंची मशीनमध्ये रुंद फळी बसत नाही. सरळ कापालाच साधारण १३० मिलिमीटर मिळतात, ४५ ला ९० च्या आसपास. त्यामुळे कुंडीची बाजू दोन-तीन अरुंद पट्ट्यांची करावी लागेल. आणि झुकाव लावल्यावर फेन्सचा सरकणारा वरचा भाग आधी बाजूला घ्या. मग प्लग काढलेला असतानाच वरचा भाग एकदा पूर्ण खाली आणून बघा, ब्लेड किंवा मोटर फेन्सला, क्लॅम्पला कुठे घासत नाही ना.