शुभवर्तमानातलं ‘वर्तमान’

एका वाचकाचा प्रश्न: “येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांना ‘शुभवर्तमान’ म्हणतात. गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची, मग ‘शुभभूत’ का नाही? आणि बातम्यांत येणारे ‘इव्हँजेलिकल’ याच कुळातले का?”

‘शुभभूत’ वाचून हसू आवरेना, पण शंका रास्त आहे. शाळेतल्या व्याकरणानं ‘वर्तमान’ काळाला असा जखडून टाकला की त्याचा दुसरा अर्थ आपण विसरलोच. वर्तमान म्हणजे बातमी. जुन्या पत्रांतून खुशालीनंतर इकडचं तिकडचं ‘वर्तमान’ लिहिलेलं असे. आणि वर्तमानपत्र? त्यात सगळं कालचंच असतं, तरी त्याला कुणी भूतपत्र म्हणत नाही. वृत्त, वार्ता, वर्तमान ही सगळी ‘वृत्’ धातूची भावंडं.

मूळ ग्रीक शब्द ‘युआंगेलिऑन’. ‘यु’ म्हणजे चांगला, पुढचा भाग निरोपाचा. ‘एंजल’ हा निरोप्याही तिथलाच. हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रीएने या प्राचीन ग्रीक शहरातल्या इ.स.पू. 9 च्या शिलालेखात रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस जगासाठी अशाच सुवार्तांचा आरंभ म्हटला आहे. त्या चार पुस्तकांतल्या एकाचा लेखक मार्क, त्यानं तोच शब्द पहिल्याच ओळीत उचलला, तोही रोमनांनी क्रूसावर चढवलेल्या माणसासाठी. दरबारी शब्दाची ही पळवापळवी मला फार आवडते.

मराठी बायबलात कामं वाटून दिली आहेत. पुस्तक ते शुभवर्तमान (‘मत्तयकृत शुभवर्तमान’), त्यातला संदेश ती सुवार्ता, आणि ती सांगत फिरणारा सुवार्तिक. म्हणून सुवार्ता सांगतात, शुभवर्तमान वाचतात.

आता इव्हँजेलिकल. कूळ तेच, पण घर वेगळं. इव्हँजेलिस्ट म्हणजे सुवार्तिक, म्हणजे काम; इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंटांमधला एक प्रवाह. या दोहोंची गल्लत नेहमी दिसते. जर्मनमध्ये ‘एव्हांगेलिश’ म्हटलं तर बहुधा नुसतं प्रोटेस्टंट, हा आणखी एक घोळ. इंग्रजी जगातल्या इव्हँजेलिकलांची चार लक्षणं इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी 1989 साली मांडली: मनपालट, बायबलची प्रमाणता, क्रूसावरचं बलिदान आणि कृतिशीलता. यांत मतदान कुठेच नाही. पण अमेरिकेतल्या निवडणुका आल्या की बातम्यांत हा शब्द निव्वळ मतांचा गठ्ठा होऊन बसतो.

‘सुवार्तावादी’ असा प्रतिशब्द करता येईल, पण मला तो पटत नाही. ‘वादी’ लागला की एखाद्या विचारसरणीचा वास येतो, आणि या मंडळींचा तर आग्रहच असा की सुवार्ता ही आधी बातमी, उपदेश मागाहून. काय करा हे नंतर, काय घडलं हे अगोदर. त्यामुळे प्रवाहाचं नाव ‘इव्हँजेलिकल’ असंच ठेवावं, आणि माणूस प्रचाराला निघाला असेल तर खुशाल ‘सुवार्तिक’ लिहावं.